एकोणिसाव्या खुन्याची तब्येत

बायकोला आयुष्यात एकदा तरी फसवायचंच, असं लेखकाने एका सोमवारी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. (गैरसमज नको. फसवायचं ते पुस्तकात. प्रत्यक्षात बायकोला फसवण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. बाजारातून आणलेल्या वांग्यांत एक किडकं असलं, तर पिशवी उघडायच्या आधी ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.)

लेखक म्हणजे रहस्यकथालेखक. दहा ते पाच तो जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत मृत्यूच्या खिडकीवर बसायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आणखी दोन-तीन मृत्यू स्वतः घडवून आणायचा. दिवसाच्या मृत्यूंना तीन कागद लागत, संध्याकाळच्यांना नुसतं एक कारण पुरे. अशी अठरा पुस्तकं झाली होती. शेजारीपाजारी आणि नातेवाईक त्याला 'लेखक' म्हणूनच ओळखत. कचेरीतले साहेबसुद्धा 'लेखक' म्हणत, पण ते चिडल्यावर.

त्याची बायको शाळेत गणित शिकवायची आणि त्याच्या प्रत्येक पुस्तकाची पहिली वाचक तीच. पद्धत ठरलेली. जेवणाच्या टेबलावर हस्तलिखित घेऊन बसायचं, चाळिसाव्या पानावर थांबायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "दंतवैद्य." किंवा "शिंपी." अठरा पुस्तकं आणि अठराच्या अठरा उत्तरं बरोबर! "अगं, पण ओळखलंस कसं?" असं तो दर वेळी काकुळतीला येऊन विचारी. "जमतं आपलं," असं म्हणून ती वह्या तपासायला घेई.

इथवर हा घरातला मामला होता. पण त्या सोमवारी प्रकाशकाने त्याला बोलावून घेतलं.

"लेखक, वाचकांच्या तक्रारी वाढल्यात. खुनी आधीच कळतो म्हणतात."

"कुणाला कळतो?"

"सगळ्यांनाच. आमच्या बाइंडरलाही कळतो, आणि तो तर पुस्तक उलटं धरून शिवतो. आता असं करू. एकोणिसावं लिहून झालं की वहिनींना द्या. त्यांना ओळखता आलं नाही, तर छापतो. ओळखलं, तर ही मालिका बंद. मग तुम्ही बागकामावर लिहा."

लेखकाच्या घरात एकच कुंडी होती आणि तिच्यात तो पेन्सिली ठेवत असे. तो कुंडीचा विचार करतच घरी आला. रहस्यकथा हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव काम होतं जे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते गेलं, तर त्याच्याकडे नुसती मृत्यूची खिडकी उरणार होती.

त्याची खरी अडचण अशी, की त्याला मनाने खुनी रचता येत नसे. ओळखीचं माणूस लागायचं. दंतवैद्य, शिंपी, लिफ्टवाला, निवृत्त हेडमास्तर, इमारतीचे चिटणीस असे सगळे वापरून झाले होते. साहेब तर दोनदा झाले होते. ओळखीचं कुणी उरलंच नव्हतं, आणि नेमक्या त्याच दिवशी महिनाभर राहायला आणि रक्त वगैरे तपासून घ्यायला सासूबाई आल्या.

सोफ्यावर बसून त्या गुणगुणत स्वेटर विणत होत्या. लेखक त्यांच्याकडे पाहतच राहिला. बायको जगात कुणावरही संशय घेईल. पण स्वतःच्या आईवर?

पुस्तक भराभर पुढे सरकलं. गोड बोलणारी, गुडघे दुखतात म्हणणारी एक आजी दुधातून विष घालून तिघांना संपवते. लेखकाने इतकी देखणी खुनी कधीच लिहिली नव्हती. पण सकाळी सात वाजता कागदावर ज्या हातांनी दुधात विष कालवलं, तेच हात साडेआठला पेला पुढे करत आणि सासूबाई म्हणत, "जावईबापू, दूध घ्या. वाळलात हो फार." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मनातल्या मनात त्याला इतकं ओशाळल्यासारखं होई, की काहीतरी करून भरपाई केल्याशिवाय राहवत नसे.

मंगळवारी त्याने त्यांच्या पाठीशी उशी ठेवली. बुधवारी पायाखाली स्टूल सरकवलं. गुरुवारी तो म्हणाला, "आई, तुम्ही बसा, मी करतो." (हे वाक्य त्या घरात बावीस वर्षांत कुणी ऐकलेलं नव्हतं. कुकरसुद्धा क्षणभर शिट्टी द्यायचा थांबला असेल.) पुढच्या आठवड्यात त्याने सासूबाईंचा चष्मा पुसून दिला, त्यांच्या मावसबहिणीच्या शेजाऱ्यांच्या बदलीची हकिगत पाऊण तास ऐकली, आणि ती संपल्यावर स्वतःहून विचारलं, "मग पुढे काय झालं?"

सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. त्याही रहस्यकथा वाचायच्या, फक्त शेवटचं पान आधी. 'उगाच जीव टांगणीला कशाला लावायचा? शेवट कळला की निवांत वाचता येतं,' असं त्यांचं म्हणणं. बावीस वर्षं जो जावई मान वर करून बोलला नाही, तो अचानक चष्मा पुसतो म्हणजे काय, याचा त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एकच उत्तर निघालं.

"जावईबापू, माझा रिपोर्ट आला का हो?"

रिपोर्ट आला होता. लेखकानेच तो आणला होता, आणि सगळं उत्तम आहे, असं डॉक्टरांनी हसून सांगितलं होतं. पण दवाखान्यात बसल्या बसल्या त्याला अकरावं प्रकरण सुचलं. जवळ दुसरा कागद नव्हता. त्याने पुस्तकाचा सगळा आराखडा, खुनी कोण यासकट, रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढला आणि खुनी कोण याखाली दोन रेघा ओढल्या. आता तो कागद घरात कुणाला दाखवायची सोय नव्हती.

"आला ना. एकदम उत्तम आहे."

"बघू."

"तो… कचेरीत राहिला." (हजारो मयतांचे कागद ज्याने कधी इकडचे तिकडे होऊ दिले नाहीत, तो हे सांगत होता.)

दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट साहेबांच्या कपाटात असल्याचं कळलं. तिसऱ्या दिवशी साहेब रजेवर गेले. सासूबाईंनी विचारणं सोडलं. लेखकाला मात्र फारच अपराधी वाटलं, आणि त्याने त्यांच्या चपला उचलून पायांसमोर ठेवल्या. तेव्हा तर सासूबाईंना दिवस मोजायचेच बाकी राहिले.

त्यांनी आवराआवर सुरू केली. मनगटावरचं घड्याळ काढून लेकीला दिलं. "आता मला वेळ बघून काय करायचंय?" म्हणाल्या. लेक परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यात बुडाली होती. तिने "ठेवते हं" म्हणून ते ठेवलं. शिलाई मशीन कुणाला द्यायचं, रेडिओ कुणाला, हे त्यांनी लिहून काढलं. ज्या बहिणीशी अकरा वर्षं अबोला होता, तिला फोन करून सगळं माफ केलं. (बहिणीच्या मते माफ तिने करायला हवं होतं, पण तो भाग वेगळा.) शेवटी मुलाला फोन केला, "येऊन जा रे. घाई नाही, पण उशीर करू नकोस."

मेहुणा रविवारी दुपारी मोठी बॅग घेऊन हजर झाला. डोळे लाल. आल्या आल्या त्याने लेखकाला गॅलरीत ओढलं.

"भाऊजी, खरं सांगा. अजून किती दिवस?"

"कशाचे?"

"आईचे."

"महिनाभर म्हणाल्या होत्या. पण मी म्हणतो, राहू द्या की अजून थोड्या. घाई काय आहे?"

मेहुण्याने लेखकाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. लेखकाने त्याला थोपटलं. सासूबाई राहतात म्हणून आनंदाने इतकं रडणारा मुलगा त्याने प्रथमच पाहिला.

आतून हाक आली. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. शेजारी बायको उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. टेबलावर पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी एकोणिसाव्या पुस्तकाचं हस्तलिखित पडलं होतं. शुक्रवारी ते पूर्ण करून त्याने तिला दिलं होतं. संध्याकाळी सहाला प्रकाशक निकाल विचारायला फोन करणार होता.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांसमोर सांगून टाका. मला शेवट आधी कळलेला आवडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"अहो," बायको म्हणाली. "आईला काय झालंय? माझ्यापासूनसुद्धा लपवलंत?"

तेव्हा लेखकाच्या डोक्यात उजेड पडला. उशी, स्टूल, चपला, रिपोर्ट, मेहुण्याची बॅग, सगळं एका रांगेत उभं राहिलं. (अठरा पुस्तकांतल्या त्याच्या गुप्तहेराला हे पहिल्या दिवशीच कळलं असतं. लेखकाला तेरा दिवस लागले.) त्याने हस्तलिखिताकडे पाहिलं. अजून दीड तास तोंड मिटून बसलं, तर मालिका वाचत होती. मग त्याचं लक्ष सासूबाईंच्या मनगटाकडे गेलं. घड्याळ काढलेल्या जागी पांढरा पट्टा उमटला होता, आणि त्या दुसऱ्या हाताने तो झाकू बघत होत्या.

तो उठला. इस्त्रीच्या टेबलाच्या कापडाखालून त्याने रिपोर्ट काढला आणि सासूबाईंच्या हातात दिला.

"पुढची बाजू आधी वाचा हं, आई," त्याने विनवलं.

त्यांनी अर्थातच मागची आधी वाचली.

"'म्हातारीच खुनी,'" त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'बोलते गोड. गुडघे दुखतात म्हणते, पण कुणी नसताना जिना झरझर चढते. तिघांना दुधातून. संशय कुणालाच नाही.'" त्यांनी कागद खाली केला. "हे कुठल्या डॉक्टरचं निदान?"

लेखकाने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मेहुण्याने एवढ्या जोरात नाक ओढलं, की ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"म्हणजे मी मरत नाही?"

"नाही."

"उलट मारते?"

"तिघांना," लेखक पुटपुटला.

सासूबाई आधी गालात हसल्या, मग मोठ्याने, मग त्यांना ठसका लागला. लेकीने ठेवलेलं घड्याळ त्यांनी परत मागून घेतलं आणि तिथल्या तिथे मनगटावर बांधलं. "आणि त्या बहिणीशी आता बोलत बसावं लागणार, ते निराळंच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरच्या हस्तलिखिताच्या तळातून शेवटचं पान उपसून काढलं. ते वाचता वाचता त्यांचा चेहरा कठोर झाला.

"मी पकडली जाते?"

"जाता."

"विषाचा पेला धुवायचा राहिला म्हणून? जावईबापू, दोन आठवडे मी या घरात आहे. माझ्या हातून एक तरी पेला खरकटा राहिलेला पाहिलात? तीन खून केले म्हणा, चालेल. पण पेला धुतला नाही, हे मी ऐकून घेणार नाही. बदला ते."

लेखकाने मान डोलावली. आता काय बदलणार आणि कोण छापणार! खुनी कोण हे त्याने बायकोसमोर स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं. तो गॅलरीत जाऊन पेन्सिलींच्या कुंडीकडे बघत उभा राहिला.

सहाला फोन वाजला. बायकोने घेतला.

"हो, माझ्याकडेच आहे… खुनी? नाही हो. खरं सांगते, वाचून या वेळी अजिबात ओळखता नाही आलं."

पलीकडे प्रकाशकाने केलेला जल्लोष गॅलरीपर्यंत ऐकू आला. लेखकाचे डोळे भरून आले. सासूबाई मुलाला घेऊन गुडघे मोकळे करायला खाली उतरल्या (जिना झरझर उतरल्या, हे लेखकाने टिपलं), तेव्हा तो बायकोजवळ येऊन बसला.

"माझ्यासाठी खोटं बोललीस."

"खोटं काय त्यात? पेपरांमधून वेळच झाला नाही. मी पहिलं पानही उलटलेलं नाही."

"म्हणजे मी सांगितलं नसतं, तर या वेळी तुला…"

"मला त्या मंगळवारीच कळलं," ती म्हणाली. "तुम्ही आईच्या पाठीशी उशी ठेवलीत तेव्हा."

तिने लाल पेन्सिल खाली ठेवली आणि मुलांना समजावते तशी सांगू लागली, "दाढ दुखत नसताना तुम्ही दंतवैद्याच्या पाटीवरची धूळ पुसून आलात. शिंप्याने पँट चार बोटं आखूड केली आणि तुम्ही त्याची पाठ थोपटलीत. लिफ्टवाल्याला त्रास नको म्हणून महिनाभर पाच मजले चढून आलात. ज्याला खुनी करायचं ठरवता, त्याच्याशी तुम्ही इतके चांगले वागता हो, की आंधळ्यालाही दिसावं."

"आणि ती चाळीस पानं?"

"ती वाचते की. तुमचं मन राखायला."

"आणि पुढची?"

तिने लाल पेन्सिल पुन्हा उचलली. अठरा पुस्तकं लेखकाच्या डोळ्यांसमोरून चाळिसाव्या पानापर्यंत सरकून गेली.

"पण आज घाबरले मी," ती एकदम म्हणाली. "दादा बॅग घेऊन आला, तुम्ही रिपोर्ट लपवलात, तेव्हा वाटलं, माझं गणित पहिल्यांदाच चुकलं. तुम्ही पुस्तकासाठी चांगले वागत नव्हता, आई खरंच…" तिने पदराने डोळे टिपले.

"म्हणजे फसवलं मी तुला!"

"हो. साडेचार ते पाच. पुन्हा असलं फसवू नका."

त्याला फार वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. काहीतरी गोड बोलावं म्हणून तो म्हणाला, "तुला मात्र मी एकदाही खुनी केलं नाही बघ."

"हो," ती पुढचा पेपर उघडत म्हणाली. "बावीस वर्षं जाणवतंय ते मला."

लेखक उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे दोन डबे पडले, एक झाकण गडगडत गेलं, आणि वीस मिनिटांनी तो चहाचा कप घेऊन बाहेर आला. चहात साखर जास्त होती आणि बशीत चहा. पेपरांचा गठ्ठा हलकेच बाजूला सारून त्याने कप तिच्यासमोर ठेवला.

तिने कपाकडे पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे पाहिलं.

"विसाव्यात मी वाटतं?"

"छे गं! हा आपला सहजच केला."

"असू दे," ती बशीतला चहा कपात ओतत म्हणाली. "फक्त पुस्तक जरा सावकाश लिहा."