तर्रीदार गॅलरी

"गॅलरी पायजे ना तिले? मंग गॅलरीच घेऊन जातो खाप्याले! फुलांनी लदालद भरलेली!"

नागपूरजवळच्या वाडीतल्या चहाच्या टपरीवर जागेश्वरनं हे जाहीर केलं, तेव्हा बाकावरच्या ट्रक ड्रायव्हरांनी बशीतला चहा सांडला. जागेश्वरकडे गॅलरी सोडाच, धड खिडकीही नव्हती! भाड्याच्या खोलीची एकुलती एक खिडकी गोदामाच्या भिंतीवर उघडायची. तिच्यातून ट्रकांचा धूर तेवढा घरच्यासारखा ये-जा करायचा.

या धुरानंच घात केला. जागेश्वरच्या बायकोचं, सत्यवतीचं, ठेवणीतलं लुगडं दोरीवर वाळता वाळता काळं झालं आणि ती तडक खाप्याला भावाकडे निघून गेली. भावाच्या माडीला गॅलरी होती. तिथं डालड्याच्या डब्यांमध्ये झेंडू, गुलाब, जास्वंद, काय म्हणाल ते फुललेलं. लग्नाआधी जागेश्वरनं तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच गॅलरीत. ती झेंडूला पाणी घालत होती आणि ते पाणी नेमकं याच्या डोक्यावर पडलं. पुढे लग्न ठरलं तेव्हा "तुले अशीच गॅलरी देईन" असं तो बोलून बसला. आता खोलीत एकटाच स्टोव्ह पेटवताना त्याला रोज वाटायचं, मागून ती म्हणेल, "सरका तिकडे, तुमाले नाही जमत." कोणी म्हणायचं नाही. घर खायला उठायचं.

तसा तो ट्रक रंगवणारा, हाताचा पक्का. ट्रकच्या फाळक्यावर त्यानं काढलेला गुलाब पार मद्रासपर्यंत जाऊन यायचा. पण ट्रकच्या रंगाच्या वासाला सत्यवती विटलेली! म्हणून त्यानं नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन मोठे चित्रकार वापरतात ते ट्यूबमधले ऑइल कलर आणले. दुकानदारानं बजावलं, "यात जवसाचं तेल लागते. पण थेंबभरच टाकजा, भाऊ."

थेंबभर! सांगून सांगून कोणाला सांगितलं, तर नागपुरी कोष्ट्याला! ज्याच्या घरी रस्सा जवसाच्या तेलात शिजतो आणि वर बोटभर तर्री आली नाही तर आई त्याला रस्सा म्हणत नाही, धुवण म्हणते! तेलात हात आखडणाऱ्याला जागेश्वर माणसातच धरत नसे. त्यानं झेंडूत तेल ओतलं. झेंडू असा काही झळकला की त्याला चेव आला. गुलाबात ओतलं. जास्वंदीला तर त्यानं जवळजवळ फोडणीच दिली.

बापानं मागावर विणलेल्या जाडजूड कापडावर दाराएवढी गॅलरी फुलून आली. मधोमध लाल लुगड्यातली सत्यवती. नाक जमलं, हनुवटी जमली, पण हसू काही केल्या उतरेना. ती शेवटची कधी हसली होती, हेच त्याला आठवत नव्हतं. बिचारा बराच वेळ कुंचला धरून बसून राहिला आणि शेवटी त्यानं तिचे ओठ मिटलेलेच ठेवले.

मे महिन्याच्या उन्हात चित्र ठेवलं आणि बोट लावून पाहिलं. कोरडं! दुधावर धरते तशी रंगावर नुसती साय धरली होती, आत तर्री तशीच होती, हे त्याला कोण सांगणार?

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे दार काहून आणलं गा?" कंडक्टर ओरडला.

"दार नाही, गॅलरी आहे!"

"मंग उभी धर तुही गॅलरी, कोणाले लागू देऊ नको!"

त्यानं उभी धरली. सावनेरपर्यंत माणसं तिला टेकून उभी राहिली, पुढे टेकून झोपली. उकाडा, घाम, धक्के! साय फाटली.

खाप्याला उतरल्यावर पहिली बोंब चित्राला टेकून आलेल्या, खाप्याच्याच अंजनाबाईंनी ठोकली. "अवो दादाजी, तुमच्या सदऱ्यावर बाई कोण आहे?"

"बाई?" पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले म्हातारे दादाजी गर्रकन वळले. "अन् तुह्या पाठीवर झेंडू कायचा वं?"

कोणाच्या पाठीवर गुलाब, कोणाच्या धोतरावर जास्वंद! "पकडा त्याले!" जागेश्वर चित्र घेऊन पुढे आणि फुलं मागे. बाजारातल्या लोकांना वाटलं, निवडणुकीचा प्रचार! "फूल कोन्या पार्टीचं निशाण आहे गा?" असं विचारत तेही सामील झाले. कोणीतरी "विजय असो!" म्हणालं, आणि घोषणा देत तो मोर्चा सत्यवतीच्या गॅलरीखाली येऊन थांबला.

ती कठड्याशी आली. जागेश्वरनं धापा टाकत चित्र वर धरलं. "सत्या, तुह्यासाठी गॅलरी आणली!"

चित्रात नुसता कठडा उरला होता.

"अन् फुलं?"

"हे काय, येऊन राहिले ना मांगून."

"अन् मी?"

जागेश्वरनं मान खाली घातली. "दादाजी, जरा उलटे फिरा."

दादाजी फिरले. सत्यवतीनं त्यांच्या पाठीवरची लाल लुगड्यातली बाई पाहिली आणि पदर तोंडाशी जायच्या आत ती खदखदून हसली. जागेश्वर वर पाहतच राहिला. हेच ते हसू! यासाठी तो तडफडत होता.

"चाल ना वं घरी," तो हळूच म्हणाला.

"घेऊन जा ते वाडीले," ती म्हणाली. "फुलं भरा, भिंतीवर लावा. सुकलं की येईन." आणि लोकांचे डाग काढायला तिनं घासलेटची बाटली तेवढी खाली सोडली.

जागेश्वरनं फुलं भरली, सत्यवती काढली, या खेपेला हसू अचूक जमलं. पण हाताची सवय जाते होय? तेल पुन्हा तर्रीसारखंच पडलं! रोज सकाळी तो बोट लावायचा, बोट पिवळं निघायचं. संध्याकाळी जेवण राहायचं बाजूला, हा आपला चित्राला सुपानं वारा घालतोय!

दादाजी नागपूरला कळमन्याच्या बाजाराला आले की वाट वाकडी करून वाडीला यायचे. "पोरीनं विचारलं गा, सुकलं काय?"

"नाही जी." खोटं त्याच्यानं बोलवायचं नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच! दादाजीही वैतागले. शेवटी एकदा ते दारात दिसताच त्यांनी विचारायच्या आत जागेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "सुकलं! सांगा तिले, पुरं सुकलं!"

दुसऱ्याच दिवशी सत्यवती दारात उभी. हातातली पिशवीही खाली न ठेवता ती सरळ भिंतीशी गेली आणि तिनं झेंडूवर बोट टेकवलं. बोट पिवळंधमक!

जागेश्वरचा जीव टांगणीला लागला. आता ही मागच्या पावली परत जाणार!

तिनं बोटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि बोट त्याच्याच सदऱ्याला पुसलं.

"अवो, येवढं एक खोटं बोलायले तुमाले दोन महिने लागले?"