गुळवेसाहेब आणि टर्बाइनचं नाक

कुणाच्याही घरी गेले की गुळवेसाहेब आधी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवतात. मग ते बोट उजेडाकडं धरतात, अंगठ्यानं चोळतात आणि यजमानाला निकाल सांगतात. "धूळ रस्त्याची हाय. बारीक हाय. पडदं बदला." माझ्या मुलाच्या साखरपुड्यात त्यांनी हाच प्रयोग नवरदेवाच्या खुर्चीवर केला. होणाऱ्या व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे पाहुणे आरोग्य खात्यात आहेत का?" मी म्हटलं, "नाही, आमच्या फॅक्टरीत मेंटेनन्सला आहेत." व्याह्यांचं समाधान झालं नाही, पण खुर्ची मात्र त्यांनी बदलून घेतली.

फॅक्टरी आमची बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत. गुळवेसाहेब मेंटेनन्सचे प्रमुख आणि मी खरेदी विभागात, म्हणजे आमचं नातं सासू-सुनेचं. एका घरात राहायचं, पण एकमेकींच्या हातची आमटी चांगली म्हणायची नाही. त्यांनी मला आजवर नावानं हाक मारलेली नाही. "अवो परचेस, जरा हिकडं या," असं ते सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडतात. बायको एकदा डबा द्यायला आली होती, तर तिला "या परचेसवैनी" म्हणाले. ती अजून मला त्यावरून बोलते.

आमच्याकडं वीज आणि वाफ तयार करायला एक गॅस टर्बाइन आहे. पाइपातून गॅस येतो, यंत्र बाहेरची हवा ओढतं आणि दोन्ही आत जळून पाती फिरवतात. ही हवा इतकी लागते की विचारता सोय नाही. ती आत जाण्याआधी गाळायला एक खोलीएवढी पेटी आहे आणि तिच्या तोंडावर फिल्टरांच्या रांगा. तिला कागदोपत्री लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण गुळवेसाहेब तिला नाक म्हणतात. "नाक साफ तर मशीन साफ." धूळ आत गेली की पात्यांवर तिचा लेप बसतो, तेवढ्याच विजेला गॅस जास्त लागतो, आणि शेवटी यंत्र बंद ठेवून धुवावं लागतं. यंत्र बंद म्हणजे फॅक्टरी बंद. त्यामुळं फिल्टर कोणता घ्यायचा, हा आमच्याकडं वर्षातून एकदा होणारा तंटा असतो.

तंट्यात त्यांचं वाक्य ठरलेलं. "परचेस, स्वस्त मिळतंय आन् स्वस्त पडतंय, ह्यात फरक हाय." मी म्हणायचो, मिळालं तरच पडेल ना साहेब? ते म्हणायचे, "तुमी मिळवा. पडायचं ते माझ्या टकुऱ्यावर पडतंय."

हा नियम त्यांनी सगळ्या आयुष्याला लावलाय. मंडईत वांगी घेताना ते विक्रेत्याला विचारतात, "देठासकट तोलतुयास, पर देठ मी खातो का?" मग हिशेब सुरू: देठ इतका, किडकं निघणार इतकं, उरलेलं इतकं, म्हणजे शेजारची महाग वांगी स्वस्त पडली. त्यांची एक छत्री मी नोकरीला लागल्यापासून बघतोय. तिचं कापड बदललंय, काड्या बदलल्यात, मूठ बदलली आहे. पण छत्री तीच, असं त्यांचं म्हणणं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात, "मला बघायला आले तेव्हा पोह्याच्या ताटलीखाली बोट फिरवलं होतं. ताटली पुसलेली होती, म्हणून माझं लग्न झालं."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र मला कधी हसण्यासारखी वाटली नाही. उसाचं गाळप सुरू झालं की आमच्याकडं हवेत काळी कुसं, म्हणजे काजळीचे बारीक तंतू, उडायला लागतात. ऊस तुटून गेला की रानात वाळलेला पाला उरतो, त्याला आम्ही पाचट म्हणतो. बरेच जण ते पेटवून देतात आणि त्याची काजळी वाऱ्यावर चहूकडं जाते. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, दह्यात पडते, आणि आमच्या फिल्टरांवर तर थर देते. हंगामातलं पहिलं कुस फिल्टरवर दिसलं की गुळवेसाहेब ते अलगद तळहातावर घेतात. बघत राहतात. आणि दरवर्षी एकच बोलतात, "आप्पाच्या रानातलं हाय. जाळतोय लेकाचा अजून."

आप्पा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. इंदापूर तालुक्यात निरवांगीला घरची शेती तोच करतो. आता निरवांगी कुठं आणि आमची वसाहत कुठं! मध्ये गावंच्या गावं आहेत, आणि प्रत्येक गावात पाचट जाळणारे आहेत. काजळीच्या कुसावर गावाचा शिक्का नसतो. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "तुमाला न्हाय वळखू यायचं. आपल्या रानातलं माणूस वळखतंय."

वहिनींकडून पुढं कळलं. पुष्कळ वर्षांपूर्वी गावच्या जत्रेला गेले असताना दोघा भावांचं याच पाचटावरून वाजलं. गुळवेसाहेबांनी पारावर चारचौघांत भावाला अक्कल शिकवली. जमिनीचं सोनं जाळतोस, असं म्हणाले. आप्पा म्हणाला, "तुझं काय जातंय पंख्याखाली बसून सांगायला?" यावर आमचे साहेब काय बोलले असतील? "हितनं म्होरं पाचटाला काडी लावलीस, तर तुझ्या रानात पाय ठेवणार न्हाय." बस्स. तेव्हापासून जाणं नाही, बोलणं नाही. लग्नाच्या पत्रिका तेवढ्या येतात आणि जातात. "रोज सकाळी चहा घेताना निरवांगीच्या दिशेला तोंड करून बसतात," वहिनी म्हणाल्या, "पण फोन करा म्हटलं की कप उचलून आत जातात."

या वर्षी फिल्टरांचा तंटा जास्तच पेटला. समोर तीन नमुने होते. एक अगदी स्वस्त, एक मधला आणि एक असा महाग की त्याची किंमत ऐकून अकाउंट्सच्या बाईंनी पाणी मागितलं. कंपनीचे मोठे साहेब मागच्या हंगामातल्या बंदला इतके कंटाळले होते की ते म्हणाले, "महागच घ्या आणि मला झोपू द्या." पुण्याहून आलेला विक्रेता खूश झाला. त्यानं लॅपटॉप उघडला आणि आलेख दाखवले. हा फिल्टर अमुक इतकी बारीक धूळ अडवतो, चाचणी झालेली आहे, वगैरे.

"कुठल्या धुळीवर?" गुळवेसाहेबांनी विचारलं.

"सर, स्टँडर्ड टेस्ट डस्ट असते. परदेशी लॅबमध्ये."

"मग मशीन तिकडं न्हिऊन बसवूया का?"

विक्रेता म्हणाला, तसं नाही सर, आम्ही भारतातसुद्धा पावसाळ्यात चाचणी घेतलेली आहे, उत्तम निकाल आहे. इथं मात्र तो फसला. गुळवेसाहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अवो, पावसाळ्यात बारामतीत कुणाचंबी नाक चालतंय! आता दिवाळी होऊन साखर कारखान्याचं भोंगं वाजलंय, आता घ्या की चाचणी."

मग त्यांनी मोठ्या साहेबांना समजावलं. स्वस्त फिल्टर काजळी आत सोडणार, पात्यांवर लेप बसणार. महाग फिल्टर सगळं अडवणार, पण इथली काजळी तेलकट आणि भरपूर. तो चार दिवसांत चोंदणार, मग यंत्राला हवा ओढायलाच दम लागणार. नाक इतकं बारीकही नको की श्वासच कोंडेल. मधला कदाचित बरोबर बसेल, पुढं एक साधी जाळी लावून आणि ती वरचेवर बदलून. पण कदाचित. खात्री इथल्या धुरावर चाचणी घेतल्याशिवाय नाही. मोठे साहेब म्हणाले, "आठवडाअखेर ऑर्डर गेली पाहिजे. आणि या वेळी यंत्र बंद पडलं तर मी तुमचं ऐकून घेणार नाही." गुळवेसाहेब म्हणाले, "ऐकू नगा."

त्यांनी एका दिवसात पत्र्याची पेटी करून घेतली. तिला तीन तोंडं, प्रत्येक तोंडावर एकेक नमुना, त्याच्या मागं एकेक पांढरं फडकं, शेवटी हवा ओढणारा पंखा, आणि कोणता फिल्टर किती चोंदला ते दाखवायला पाण्याच्या नळ्या; जितका चोंदेल तितकं पाणी वर. ती पिकअपमध्ये चढवली, शेजारी छोटा जनरेटर. मला म्हणाले, "परचेस, तुमी गाडी चालवा. तुमच्या डोळ्यांनी बघा, म्हंजे म्होरल्या साली भांडणार न्हाय."

"जायचं कुठं पण?"

ते थोडा वेळ पेटीचे नट तपासत राहिले. "निरवांगीला. आप्पाचा ऊस परवा तुटलाय. आज-उद्या काडी लावंल."

भावाशी बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाला त्याचा ऊस कधी तुटला हे नेमकं ठाऊक होतं; साखर कारखान्याची तोडणीची यादी ते दरवर्षी बघत असावेत. मी गाडीला चावी लावली. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं आम्ही रेंगाळत गेलो. निरवांगी जवळ आली तशी त्यांनी दोनदा टोपी काढून पुन्हा घातली. मी विचारलं, साहेब, भाऊ काही बोलला तर? ते म्हणाले, "बोलंल की. जाळू नगं म्हणून भांडलो, आन् आता जाळ म्हणायला चाललोय. आज त्याचा दिस हाय."

आप्पा बांधावरच उभा होता. साहेबांसारखंच नाक, फक्त अंगानं काटक आणि उन्हानं रापलेला. गाडीतून कोण उतरतंय ते त्यानं पाहिलं आणि हातातलं खोरं खाली ठेवलं. दोघं एकमेकांकडं न बघता रानाकडं बघत उभे राहिले.

ऊस तुटून गेलेला होता. सगळ्या रानात पाचट, पण ते पेटवायला गोळा केलेलं नव्हतं. सरीसरीतून नीट पसरून दाबलेलं होतं. पलीकडच्या तुकड्यात आधी तुटलेल्या उसाचे फुटवे त्याच पाचटातून वर आले होते. गुळवेसाहेब वाकले. पाचट बाजूला सारून त्यांनी खालच्या मातीत बोट घातलं. माती ओली होती, काळी होती, आणि तिच्यात गांडुळं होती.

"अजून पेटवलं न्हाईस?" त्यांनी मातीकडंच बघत विचारलं.

"पेटवत न्हाय मी."

"कवापास्नं?"

"तू भांडून गेलास, त्याच साली बंद केलं."

गुळवेसाहेब उठून उभे राहिले. बोटाची माती पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. "मग सांगितलं का न्हाईस, गाढवा?"

"काय सांगायचं?" आप्पाचा आवाज एकदम चढला. "पाचटाला काडी लावलीस तर रानात पाय ठेवणार न्हाय म्हणालतास न्हवं? म्हणून लावली न्हाय. म्हणलं, आता येशील."

इतकी वर्षं हा माणूस तळहातावर परक्याच्या रानातली काजळी धरून भावाला शिव्या घालत होता. आणि भाऊ इकडं, शब्द पाळून, वाट बघत होता. मी जनरेटरशी काहीतरी खुडबुड करायला लागलो, कारण त्या दोघांकडं बघणं बरं दिसलं नसतं. गुळवेसाहेब रडले का, ते मी सांगणार नाही. त्यांनी फक्त आप्पाचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शेवटी आप्पाच म्हणाला, "आन् ह्यो डबा कशाला आणलास?"

धूर पाहिजे म्हटल्यावर तो खो खो हसायला लागला. साऱ्या शिवाराला जाळू नका म्हणून सांगत फिरणारा तोच. पण दोन बांध पलीकडचा एक शेतकरी ऐकत नव्हता आणि त्या दुपारीच काडी लावणार होता. पेटी तिथं नेली. आप्पानं स्वतः पेटीचं तोंड धुराच्या बाजूला फिरवून धरलं, खोकत, डोळे पुसत, आणि मध्येच "दादा, ह्यात पगार मिळतो का तुला?" असं विचारत. स्वस्त फिल्टरच्या मागचं पांढरं फडकं काळं झालं. महाग फिल्टरच्या मागचं कोरं राहिलं, पण त्याच्या नळीतलं पाणी सरसर चढून गेलं. मधल्याचं फडकं जेमतेम भुरकं झालं आणि नळीतलं पाणी संथ चढलं. गुळवेसाहेबांनी दोनदा, तीनदा बघितलं. "मधला," ते म्हणाले, "फुडं जाळीसकट. परचेस, ऑर्डर टाका." मी भांडलो नाही.

परत रानात आलो तेव्हा आप्पाची बायको जेवायला बोलवायला बांधावर आली होती. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "दादा, हातपाय धुवा. भाकरी थापली हाय." जेवताना दोघं भाऊ एकाच विषयावर बोलले, की पाचट कुजायला किती दिवस लागतात, आणि त्यावरही त्यांचं एकमत झालं नाही.

उन्हं उतरायला लागली तशी मी पेटी चढवली आणि गाडी सुरू केली. गुळवेसाहेब दाराशी आले, पण आत बसले नाहीत.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "मी ऱ्हातो दोन दिस."

हंगामात त्यांनी एक दिवसाची रजा घेतलेली मला आठवत नव्हती. मी म्हटलं, "मोठे साहेब विचारतील. त्यांना काय सांगू?"

त्यांनी मागं वळून बघितलं. आप्पा ओट्यावर त्यांच्यासाठी घोंगडं झटकत होता.

"सांगा," ते म्हणाले, "घरी गेलाय."