फळी काढण्याचा ठराव

चिनारकंदच्या नगरसभेचे कामकाज दर मंगळवारी सकाळी दहाला सुरू होई आणि दहा वाजून दहा मिनिटांनी संपे. तुर्कस्तानच्या सबंध सुभ्यात इतके चटपटीत कामकाज दुसऱ्या शहराचे नव्हते. याचे श्रेय नगराध्यक्ष पोर्फिरी लुकिच घेत असत; खरे तर ते अशुरमतच्या चहाचे होते. सोमवारी दुपारी बाराही सभासद, रशियन काय नि इथले काय, पाटापलीकडच्या त्याच्या चायखान्यात जमत, वाट्यांमागून वाट्या हिरवा चहा पीत, भांडत, रुसत आणि सगळे ठरवूनच उठत. मंगळवारी फक्त हात वर करायचे.

सन १९०९च्या वसंतात, बर्फ वितळून पाट फुगला असताना, नगरसभेतल्याच कापूसवाल्या तुर्दीबायच्या उंटाखाली चायखान्याकडे जायची फळी मोडली. उंटाला काही झाले नाही. अशुरमतचे मात्र कंबरडेच मोडले. गिरणीच्या पुलावरून कोसभर वळसा घालून एक वाटी चहा प्यायला कोण येणार? चहाचा समोवार गार पडला, नान वाळून दगड झाले. आणखी महिनाभर हेच चालले तर चायखाना बंद करून मेंढ्या राखायला जावे लागणार होते, आणि अशुरमतला मेंढ्यांची भीती वाटे.

"अहो, हशर करा," त्याची बायको ओयनिसा म्हणाली. "शेजारचे आठ जण बोलवा, मी पुलाव टाकते. खायच्या ओढीने दुपारच्या आत फळी बसवतील."

सल्ला शहाणपणाचा होता, म्हणून अशुरमतने तो ऐकला नाही. "पाट सरकारी आहे, ओयनिसा. सगळी नगरसभा आपल्या ओळखीची. रीतसर अर्ज केला की झालं."

सचिव विकेंती साव्विच यांनी अर्ज वाचला, उजेडात धरून पाहिला आणि असा सुबक अर्ज पाच वर्षांत आला नव्हता असे सांगितले. मंगळवारी तो सभेपुढे आला. सचिवांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. हात कोणी, कशासाठी वर करायचा, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

"सोमवारी काय ठरलं होतं?" पोर्फिरी लुकिच कुजबुजले.

"सोमवारी आपण भेटलोच नाही, साहेब," सचिव म्हणाले. "फळी मोडलीय ना."

"मग आता ठरवायचं कसं?"

"तीच तर अडचण आहे. फळी बसल्याशिवाय फळीचं काही ठरवता येत नाही."

इतिवृत्तात नोंद झाली: विषय क्रमांक एक, फळी. फळीअभावी तहकूब.

अशा पाच तहकुब्या झाल्यावर ओयनिसाने नवऱ्याला न विचारता पुलाव टाकला. शेजारचा सुतार नियाझ आठ जणांना घेऊन आला, त्यांनी चिनाराची जाडजूड फळी पाटावर टाकली, आणि गाजरे शिजायच्या आत काम संपल्यामुळे सगळे ताटकळत बसले. अशुरमतने समोवार घासूनपुसून लख्ख केला.

सोमवारी नगरसभेला कळले की शहरात एक बेकायदा फळी उभी राहिली आहे. म्हणजे आडवी पडली आहे. बाराही सभासद जातीने पाहणीला निघाले. फळी भक्कम असल्याची खात्री त्यांनी तिच्यावरूनच पलीकडे जाऊन करून घेतली. मग सहा आठवड्यांची तहान भागवत त्यांनी जी चर्चा केली तशी शहराच्या इतिहासात झाली नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला: फळी विनापरवाना आहे, सबब ती तत्काळ काढावी. पुरेसे सभासद हजर होतेच, त्यामुळे मंगळवारपर्यंत थांबायचेही कारण उरले नाही.

"कुठल्या बाजूला ओढू, साहेब?" नियाझने विचारले.

"आपल्या. पुरावा आहे तो, नजरेसमोर हवा."

नियाझने दाढीतल्या दाढीत हसत फळी ओढून घेतली. सचिवांनी तिला लाखेची मोहोर लावली. मग नगराध्यक्ष घरी जायला उठले, पाटापर्यंत गेले आणि पाण्याकडे बघत उभे राहिले.

"गिरणीच्या पुलावरून जाऊ," तुर्दीबाय म्हणाला. "कोसभर चालायचं, त्यात काय एवढं?"

"तो पूल हद्दीबाहेर आहे, तुर्दीबाय. आपण सगळे एकदम हद्दीबाहेर गेलो तर शहरात नगरसभा किती उरली? शून्य. मग शहराचं काय होईल, याचा विचार केलात?"

तुर्दीबायने विचार केला आणि त्याला घाम फुटला. हद्द ओलांडायच्या परवानगीसाठी गव्हर्नरांना पत्र गेले आणि चायखान्यात मुक्कामासाठी चटया पसरण्यात आल्या.

शहराचे काय झाले म्हणाल, तर रस्ते झाडले गेले, पाटाच्या पाण्याची पाळी कोणी चुकवली नाही, आणि खाटकाच्या तराजूची दोन्ही पारडी प्रथमच एका उंचीवर आली. आठवडाभर लोकांनी हे सोसले. मग मात्र धीर सुटला. असेच चालत राहिले तर तक्रार करायची कोणाकडे? माणसे अर्ज खरडून कोसभर वळसा घालून चायखान्यात येऊ लागली. येईपर्यंत घसा कोरडा पडे, आणि नंबर लागेपर्यंत चार वाट्या चहा सहज होई. अशुरमतने दुसरा समोवार आणला, नंतर तिसरा. गव्हर्नरांची परवानगी भादव्यात पोचली. ती विचारार्थ ठेवण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नियाझ आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"अशुरमत-अका, आईचे पाय सुजलेत. हकीम पलीकडे, आणि वळशाच्या वाटेनं गाढवावर बसवली तर ती टिकायची नाही. एवढी मोहोर तोडू दे. मी एकटा फळी टाकतो, पुलावसुद्धा नको."

अशुरमत ओशाळला, अगदी मनापासून ओशाळला. याच माणसाने त्याचा चायखाना वाचवला होता. पण नियाझच्या मागे सतरा अर्जदार बसले होते, आणि सतराही वाट्या रिकाम्या होत्या.

"बस नियाझ, आधी चहा घे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी मी स्वतः साहेबांच्या कानावर घालतो. पण काम रीतीनंच व्हायला हवं, नाही का?"

वाचकांना अशुरमतचा राग आला असेल. तो अगदी रास्त आहे. तो लेखी स्वरूपात घेऊन चायखान्यात यावे. रांग गिरणीच्या पुलापर्यंत पोचली आहे, तेव्हा ढकलाढकली करू नये. तुमच्या पुढे उभा असलेला माणूसही असाच रागावून आला आहे, आणि नियाझला वाट द्यायला तोही तयार नाही.