आरिवेदेर्ची, पण जेवून जा

पाहुण्याला त्याच्याच भाषेत गार करायचं, असा माझा बेत होता. शिल्पाचे इटालियन प्राध्यापक फाबियो सर आमच्या हैदराबादेत दिलसुखनगरच्या घरी जेवायला येणार होते. पोरीला पुढच्या शिक्षणासाठी इटलीला जायचं होतं आणि शिफारसपत्रावर सर जेवणानंतर सही करणार होते. संध्याकाळी त्यांचं परतीचं विमान.

मी कोठी बाजारातल्या फुटपाथवरून इटालियन संभाषणाचं जुनं पुस्तक आणलं. स्वागताची पानं कुणीतरी फाडून नेली होती. उरला होता निरोप आणि शुभेच्छांचा धडा. म्हटलं, काय बिघडतं! पंधरा दिवसांत तो घोकून पाठ केला. सावित्री म्हणाली, "तुम्ही नुसतं हसा. बोलू नका." बायकोचं ऐकणारा मुकुंदराव अजून जन्मायचाय!

सर आले. मायलेकी स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांच्या गडबडीत. मी समोर बसलो आणि सुरू केलं, "आरिवेदेर्ची!" म्हणजे पुन्हा भेटू. सर हसले. मला चेव आला. "बुओन व्याज्जो!" प्रवास सुखाचा होवो. सरांनी घड्याळ पाहिलं. "बुओना फोर्तूना!" नशीब फळफळो. सर उभे राहिले. मग छाती काढून मी कायमच्या निरोपाचं 'आद्दीओ'सुद्धा म्हणून टाकलं!

सर दाराकडे निघाले. मी निश्चिंत. आपल्याकडे निघालेला माणूस उंबऱ्यात अर्धा तास बोलतो, पुन्हा आत येतो, आणखी एक चहा घेतो, तेव्हा कुठे जिना उतरतो. पण या भल्या माणसाला निरोप म्हणजे खरंच निरोप वाटला! ताट घेऊन बाहेर आलेली शिल्पा पांढरीफटक पडली.

"बाबा, सर कुठे चालले? आणि सही?"

पोरीचं इटली मीच घालवलं! धावत दाराशी गेलो, तर सर मोज्यांवर उभे राहून बूट शोधत होते.

मागून सावित्री शांतपणे म्हणाली, "घाबरू नक्को, शिल्पा. बूट मी कपाटात कुलूप लावून ठेवलेत. तुझ्या बाबांचं तोंड मला काय आज कळलंय?"

हुश्श! इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. शिल्पानं इंग्रजीत सगळं समजावलं. सर पोट धरून हसले, तीन पोळ्या खाल्ल्या आणि सही केली. निघताना सावित्रीनं त्यांच्या हातावर दही ठेवलं आणि 'येतो' म्हणायला शिकवलं. सर "येतो" म्हणाले आणि उंबऱ्यात उभे राहून अर्धा तास बोलले!

मला मात्र सावित्रीनं सरांचे बूट पुसायला बसवलं होतं.