टेमघरच्या बारशाचे पाच नियम

उन्नतीला त्या दिवशी कशाचीच भीती वाटत नव्हती. तिच्या बाबतीत हे वर्षातून एखाददाच घडायचं!

"चार वर्षं केनियात काढलीत मी!" वेणी घालता घालता तिनं नवऱ्याला ऐकवलं. "बुटात विंचू निघाला, शाळेच्या पत्र्यावर माकडं नाचली, पाण्याचा टँकर तीन आठवडे फिरकला नाही. सगळं निभावलं की नाही? मग टेमघरचं एक बारसं ते काय!"

मितेश पडला मिशनरी, विश्वास ठेवायची त्याला सवयच होती. "आमेन," म्हणून तो कल्याणच्या प्रार्थनासभेला निघून गेला.

बारसं टेमघरला दिलेल्या बालमैत्रिणीच्या, भावनाच्या, मुलाचं होतं. नारपोलीत दोघींची माहेरं भिंतीला भिंत लागून, शाळा एक, कॉलेज एक. भावनाला लग्नानंतर नऊ वर्षांनी हे बाळ झालं, तेही सातव्या महिन्यात. महिनाभर काचेच्या पेटीत होतं बिचारं! म्हणून बारसंही लांबलेलं. सुट्टीवर आलेल्या मैत्रिणीला भावनानं फोनवर बजावलं होतं, "ये गं, नक्की ये. पण लांबूनच बघ हं. डॉक्टरांनी कुणाला हात लावू द्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

उन्नतीनं ते एवढं मनावर घेतलं की पाच वर्षांच्या रूथसाठी तिनं चक्क नियम बनवले. पोर मासाई वस्तीत वाढलेली, तिथल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकलेली. इथे काय करून बसेल, सांगता येत नव्हतं! नियम पाच : चपला बाहेर काढायच्या. सगळ्यांना नमस्कार करायचा. खायला मागायचं नाही. मध्येच मोठ्यानं प्रार्थना सुरू करायची नाही.

"आणि पाचवा?" रिक्षात उन्नतीनं सतराव्यांदा विचारलं.

"बाळाला हात लावायचा नाही."

"बोट?"

"बोटपण नाही!"

"मॅडम," रिक्षावाला म्हणाला, "अब तो मेरे को भी याद हो गया."

रूथनं एकेक नियम अस्सा पाळला! चपला जोडीनं लावल्या. नमस्कार तर पाणी वाटणाऱ्या बाईलाही केला. भावनाची सासू ठकुबाई तिचा गाल ओढून म्हणाली, "किती शानी गो पोर! आमच्याकडची तं पाळन्यावं लोंबकळतान!" उन्नती अशी फुलली, जणू जागतिक मातृत्वाचं बक्षीस तिलाच मिळालं होतं.

बाळाची आत्या रूपा नाव सांगायला पाळण्याशी वाकली. रूथ हळूच पुढे झाली. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले. ती बाळावर वाकली, त्याच्याकडे बघून गोड हसली आणि...

थू!

नेमकी कपाळावर!

नारपोलीतले सगळे यंत्रमाग एका झटक्यात बंद पडावेत तशी शांतता पसरली.

"थुंकली!" रूपा किंचाळली. "अगं बाई, माझ्या भाच्यावर थुंकली!"

"मी हात नाही लावला!" रूथ आनंदानं ओरडली. "बोटपण नाही!"

भावनानं बाळाला उचलून छातीशी धरलं. तिचा चेहरा पांढराफटक. उन्नतीला तर पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटली. एवढ्याशा जिवाला काही झालं तर? तिनं पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली आणि घाईनं दाबली. झाकण उडालं, बाटली निसटली आणि डुबुक्कन घुगऱ्यांच्या पातेल्यात!

"आता घुगऱ्यापण गेल्या!" कुणीतरी विव्हळलं.

बाळानं टाहो फोडला. बायका एकदम बोलायला लागल्या आणि बातमी खिडकीतून मांडवात पोचली. मात्र निघाली एक आणि पोचली दुसरीच : मिशनवाल्यांच्या पोरीनं बाळावर काहीतरी शिंपडलं! झालं! बाळाचे चुलत आजोबा पंढरीनाथकाका लाल डोळे करून दारात उभे. त्यांच्यामागे सात-आठ जण.

"काय शिंपडलं? आमच्या पोराला बाटवला काय तुमी? बाप्तिस्मा दिला काय?"

"नाही हो काका!" उन्नती जिवाच्या आकांतानं ओरडली. "बाप्तिस्मा नाही! थुंकलीय फक्त!"

आपल्या लेकीची बाजू इतक्या छातीठोकपणे जगात कुठल्याच आईनं मांडली नसेल.

"फक्त?" काका म्हणाले.

"मंग बेस केलं पोरीनं!" कोपऱ्यातून आवाज आला. ठकुबाई! "एवढ्या बाया जमल्यान, सगळ्या 'किती गोंडस, किती गोंडस' करतान. दिष्ट लागंल म्हनून थू थू करावं, हे एकीच्या तरी ध्यानात आलं काय? माझी सासू माझ्या भावेशवर रोज थुकायची. हाय ना धडधाकट?"

दारातला बाळाचा धडधाकट बाप भावेश कपाळ पुसायला लागला.

"रूथ, का केलंस असं?" उन्नतीच्या डोळ्यांत पाणी.

"आशीर्वाद दिला," रूथ म्हणाली. "आपल्या तिकडच्या आजीनं पाठवलाय. ती म्हणाली, बाळ आलं की माझ्याकडून दे."

उन्नतीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! तिकडची मोठी माणसं तान्ह्या बाळावर थुंकून आशीर्वाद देतात, हे चार वर्षं ती रोज बघत होती. शेजारची म्हातारी तर गेली दोन वर्षं दर रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये उभी राहून अनोळखी भावनासाठी बाळ मागायची. 'भावना' म्हणता येईना, म्हणून 'उन्नतीची बहीण' म्हणायची. हे सगळं तिनं अडखळत सांगितलं.

भावनानं पदरानं बाळाचं कपाळ पुसलं. मग आपले डोळे. मग नाक.

"दोन वर्षं? दर रविवारी?"

"दर रविवारी. पाऊस असला तरी."

"तुझ्या पोरीनं आणलं ते पोचलं बघ," भावना हुंदका गिळत म्हणाली. आणि एकदम हसायला लागली. "पण उने, घुगऱ्यांत सॅनिटायझर कुठल्या आजीनं पाठवला गं?"

सगळं घर खदखदलं. बाळ रडायचं थांबलं, रूपानं त्याच्या कानात नाव सांगितलं. उन्नतीनं मात्र रूथला दाराआड नेऊन तातडीनं सहावा नियम केला.

"कुणाच्याही अंगावर थुंकायचं नाही! कळलं?"

"कळलं. अंगावर नाही."

तेवढ्यात पंढरीनाथकाका आले. जरा ओशाळलेले. खाली वाकून त्यांनी हात पुढे केला. "चल पोरी, राग न्हाय ना? कर शेकहँड!"

रूथनं आईकडे बघितलं. नियम आठवला. मग मासाई वस्तीत मोठ्या माणसांशी हात मिळवताना मान म्हणून करतात तसं, ती शहाण्यासारखी स्वतःच्याच तळहातावर पचकन थुंकली आणि काकांचा हात घट्ट धरला.

उन्नतीचा हात आपोआप पर्सकडे गेला. बाटली घुगऱ्यांत होती.