सासूबाईंचा नीलम काळा पडला, त्याची हकीकत

पूर्वी थोर थोर राजे रत्नांपायी लढले, कोणी गड घालविले, कोणी शिर घालविले, आणि ते सर्व लिहिणारांनी मोठ्या हौसेने लिहून ठेविले. परंतु एका अंगठीपायी एका चष्मेवाल्याची इभ्रत कैसी टांगणीस लागली आणि कैसी सुटली, हे कोणीच लिहिले नाही. सबब पुढील माणसांस खरे काय ते कळावे म्हणून जैसे घडले तैसे लिहितो. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तेथे शोभेपुरतेच.

भिंगकुलभूषण, नजरबहाद्दर, खासे जावईबापू हे भर रस्त्यावरील चष्म्यांच्या दुकानाचे धनी. दुकानास काचेचा दरवाजा, भिंतीवर फ्रेमांची फौज रांगेने उभी, आणि टेबलावर एक आरसा, ज्यात गिऱ्हाईक आपणांस पाहून प्रथम दचके आणि मग पैसे देई. जावईबापूंस आपल्या नजरेचा गर्व बहुत. "आमची नजर फसत नाही," हे वाक्य ते जेवतानाही बोलत, आणि त्यांचे कुटुंब ते ऐकून फक्त ताटात पाहत असे.

त्यांच्या सासूबाई, मातोश्री हेडबाईसाहेब, या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची चाहूल लागताच शिक्षकही सदऱ्याचे बटण लावीत, ऐसा दरारा. त्या सेवानिवृत्त जाहल्या तेव्हा जावईबापूंनी मनी आणिले की सासूबाईंस नीलमाची अंगठी नजर करावी, आणि मग ते सराफकट्ट्यावर चालून गेले. पहिल्या दुकानी खडे दाखविले ते दिव्याखाली निळे आणि दाराबाहेर नेताच शाई सांडल्यासारखे काळे; ते नामंजूर केले. दुसऱ्या दुकानी खडा फिका, आणि मध्यभागी ऐसा पोकळ की खाली ठेविलेले वर्तमानपत्र आरपार वाचता यावे. बातम्या वाचून तोही परत केला. मग एका वृद्ध सराफाने पांढऱ्या फडक्यावर एक खडा ठेविला, तो दिव्यातही निळा, उन्हातही निळा, हलविला तरी निळा. जावईबापू तो घेऊन दाराशी जात आणि आत येत, पुन्हा दाराशी जात, तों सराफाने विचारले, "साहेब, घ्यायचाय की फिरवून आणायचाय?" तेव्हा सौदा ठरला.

अंगठी पाहून सासूबाई म्हणाल्या, "एवढा खर्च कशाला केलात?" आणि तत्काळ बोटात घातली. ज्यांना सासू आहे त्यांस हे कळेल की याहून मोठा किताब नाही.

पुढे बहुत दिवस सुखाचे गेले. मग एके दिवशी कुटुंब माहेराहून खबर घेऊन आले, आणि पर्स खुंटीस अडकविण्याआधीच बोलते जाहले, "अहो, आईनं अंगठी काढून ठेवलीय. खडा काळा पडला म्हणते."

हे ऐकोन जावईबापू खुर्चीत बसले ते बसलेच. नीलम काळा पडत नाही, काच काळी पडते. म्हणजे सासूबाईंनी मनात काय धरिले हे उघड होते, की जावयाने काच देऊन नीलमाचा मान मिळविला. कुटुंबाने समजूत घातली, "आई असं काही म्हणाली नाही." जावईबापू म्हणाले, "म्हणाली नाही, तेच तर वाईट." सासूबाई रागावत तेव्हा बोलत, आणि मनातून उतरविले की गप्प राहत, हे अवघ्या शाळेस ठाऊक होते. त्या दिवसापासून जावईबापूंस अन्न गोड लागेना, आणि दुकानी एका गृहस्थास त्यांनी त्याचाच जुना चष्मा नवा म्हणून दाखविला.

मग ते वृद्ध सराफाकडे गेले आणि आवाज चढविते जाहले. सराफाने चहा मागविला आणि शांतपणे तजवीज सांगितली, ती येणेप्रमाणे. खरा नीलम काळा पडत नाही, परंतु मळतो. हातास तेल, क्रीम, मलम लागले म्हणजे ते खड्याच्या खाली जाऊन दडते आणि उजेडाची वाट अडविते. त्यास कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश पुरे. उकळते पाणी घालू नये, घरगुती अक्कल तर मुळीच घालू नये. आणि नीलम कितीही कठीण असला तरी हिरा त्यास ओरखडतो, सबब दोघांस एका डबीत नांदवू नये. जावईबापूंस आठवले की सासूबाई रोज गुडघ्यांस मलम चोळतात, आणि अंगठीसकट चोळतात. ते आनंदाने उठले आणि सराफाचाही चहा पिऊन गेले.

रविवारी सकाळी कूच जाहले. पुढे जावईबापू स्कूटरवर, मागे कुटुंब, आणि कुटुंबाच्या पर्सेत तान्ह्या मुलांचा मऊ ब्रश. सासूबाईंनी दार उघडले, पाणी दिले, गुडघ्यांची हकीकत सांगितली, आणि अंगठीविषयी अक्षर काढिले नाही. जावईबापूंनीच धीर करून अर्ज केला, "आई, अंगठी जरा देता? धुऊन देतो." सासूबाई क्षणभर लेकीकडे पाहत्या जाहल्या, ऐशा नजरेने की तू याला का सांगितलंस, आणि मग कपाटातून डबी आणिली. डबी उघडली तों आत नीलमाशेजारी हिऱ्याच्या कुड्या बिलगून बसलेल्या. जावईबापूंनी प्रथम ती संगत तोडिली आणि कुड्यांस कापडी बटव्यात रवाना केले.

मग मोर्चे बांधिले. बेसिनचे भोक बूच लावून बंद केले, की शत्रू तर शत्रू, आपलाच सरदार मोरीतून पळू नये. वाडग्यात कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. कुटुंब दुसरा टाकू गेले तेव्हा त्यांस हाताने थोपविले. अंगठी बुडविली, काही वेळ वेढा दिला, आणि मग ब्रश घेऊन खड्याच्या खालच्या अंगाने चढाई केली, कारण मलमाचे ठाणे तेथेच होते. पाणी गढूळ जाहले. दुसरे पाणी घेतले, तेही गढूळ. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इतकी घाण? माझ्या हाताला?" तेव्हा कोणीही उत्तर न देणे हीच मुत्सद्देगिरी होती. तिसरे पाणी निर्मळ राहिले, आणि जावईबापूंनी खिशातील भिंगे पुसण्याचे मऊ फडके काढून अंगठी कोरडी केली आणि खिडकीपाशी धरिली.

काय वर्णावे! तो निळा रंग पाहून कुटुंब "अगं बाई!" ऐसे ओरडले, आणि जावईबापूंची छाती फुगून शर्टाची बटणे अडचणीत आली. अंगठी सासूबाईंचे बोटात घातली. सासूबाईंनी हात लांब धरिला, जवळ आणिला, आणि म्हणाल्या, "छान."

हा "छान" जावईबापूंस ओळखीचा होता. नापास मुलाच्या पालकांस निरोप देताना बाई ऐसाच छान म्हणत.

"छान म्हणजे, आई? निळा दिसतोय ना?"

"काळाच आहे हो. पण चमकतोय छान. जाऊ दे, तुम्ही कशाला जीवाला लावून घेता?" आणि विषय बदलावा म्हणून म्हणाल्या, "पण सुटीच्या दिवशी असला काळा शर्ट का घातलात? आनंदी रंग घालावा माणसानं."

कुटुंबाने शर्टाकडे पाहिले. शर्ट निळा होता, गडद, नवा, आणि कुटुंबानेच निवडलेला. मग कुटुंबाने नवऱ्याकडे पाहिले, आणि जावईबापूंनी सासूबाईंच्या नाकाकडे पाहिले, आणि तेथे त्यांस आपला सर्वनाश बसलेला दिसला.

तो चष्मा त्यांनीच केलेला. अंगठीनंतर काही महिन्यांनी मोतीबिंदू काढिला तेव्हा सासूबाईंस उजेड सोसवेना, सबब जावईबापूंनी खास पिवळट तपकिरी काच निवडिली, स्वहस्ते फ्रेमेत बसविली, आणि ऊन अडविता अडविता ती काच निळा रंगही अडविते हा विचार केला नाही. ज्या नजरेचा डंका पिटला तीच फसली.

आता संकट ऐसे की गप्प राहिले तर अंगठी खोटी ठरते, आणि बोलले तर दुकान बुडते. एक पळवाट होती, की नंबर बदलला ऐसे सांगून गुपचूप नवी काच बसवावी आणि पुढील महिन्यात नीलमाने आपोआप निळे व्हावे. ती वाट जावईबापूंनी मनात पाहिली, आणि त्यांस तिची लाज वाटली. मग बोलते जाहले, "आई, चष्मा काढून बघता जरा?"

सासूबाईंनी चष्मा काढिला आणि हात खिडकीकडे केला. मग शर्ट पाहिला, मग निळे पडदे पाहिले, जे वाईट धुलाईमुळे काळवंडले ऐसे समजून त्या धोब्याशी भांडल्या होत्या, आणि मग पुन्हा हात पाहिला. "अय्या," ऐसा उद्गार हेडबाईसाहेबांचे मुखातून निघाला, जो शाळेत कोणीच ऐकिला नव्हता.

"अंगठी खरी आहे, आई. चूक माझीच. काच मी चुकीची निवडली. रोजच्यासाठी साधी द्यायला हवी होती, ही फक्त उन्हात." इतके बोलोन जावईबापू खाली मान घालून उभे राहिले, जैसे कोणी वर्गाबाहेर उभे राहते.

सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं, त्या सराफानं तुम्हाला फसवलं. एवढ्या प्रेमानं आणलेली वस्तू खोटी निघाली हे तुम्हाला कळलं तर किती लागेल तुम्हाला, म्हणून काढून ठेवली होती."

कुटुंबाने विचारले, "मग आई, चष्म्याचा संशय नाही आला तुला?"

"चष्म्याचा कसा येईल? तो यांनी स्वतः बसवला होता ना."

हे ऐकोन जावईबापूंस हसू आले आणि रडूही आले, आणि दोन्ही एकदम आल्याने त्यांस ठसका लागला, आणि सासूबाईंनी पाठीवर हात फिरविला तो नीलमाच्या हाताने फिरविला.

मग तह जाहला. घरात साधी काच, उन्हात तपकिरी; मलमाचे वेळी अंगठी बाहेर; कुड्या वेगळ्या; धोब्याची माफी सासूबाईंनी जातीने मागावी; आणि "आमची नजर फसत नाही" हे वाक्य दुकानात चालेल, घरात चालणार नाही. सर्वांनी कबूल केले.

येणेप्रमाणे नीलमाची मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद केली असे. त्या दिवशी चष्मेवाला हरला आणि जावई जिंकला, आणि दोघे एकाच निळ्या शर्टात, एकाच स्कूटरवरून, सुखरूप घरी परतले.