नानांच्या रक्तावरची साय

आमच्या लॅबमध्ये आपलं रक्त बघायला मागणारा पेशंट एकच होता, नाना. दर शुक्रवारी साडेआठला उपाशीपोटी रक्त दिलं की नळी फिरवणारं मशीन थांबेपर्यंत ते उभेच राहायचे. नळी बाहेर आली की मान पुढे काढून विचारायचे, "साय उनी का, ताई?"

यायची. इतरांच्या रक्तावर पिवळसर, स्वच्छ पाणी सुटतं. नानांच्या नळीत वर दुधासारखं पांढरं. ती रक्तातली चरबी. शिवाय साखरेचा आजार होता, पोट शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं, आणि सोनोग्राफीत लिव्हरवरही चरबी निघाली होती. नाना ते सगळ्यांना सांगत सुटले. "सावद्याच्या केळीवाल्यांनी बंगले बांधले. मी नुसतं लिव्हर बांधलं!"

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची, जळगावातली. नाना मूळचे भडगावचे. एसटीत कंट्रोलर म्हणून रिटायर झाले, पण स्टँड काही अंगातून गेलं नव्हतं. आमच्या बाकावर बसून ते पुकारा करायचे, "उपाशीवाले डाव्या हाताले! लघवीवाले, डबी सांभाळा!" पेशंट निमूट ऐकायचे. माझं कोण ऐकतं?

उपाशी रक्त दिलं की ते जेवायला जायचे आणि परत येऊन दोन तास बाकावरच बसायचे, कारण जेवणानंतरचं रक्त दोन तासांनी घ्यायचं असतं. घर पाच मिनिटांवर होतं, तरी तिथं थांबत नसत. मला रजिस्टरात लिहावं लागे म्हणून मी विचारायची, "नाना, जेवलात का? किती वाजता? काय जेवलात?"

नाना सावरून बसायचे. "नऊ वाजून दहा. कळण्याची भाकर. वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. लोणचं." दुसऱ्या शुक्रवारी वरण-बट्टी, तूप वाटीभर. मी लिहायची आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. खोलीवर स्टोव्हवर खिचडी करून खाणारी मी. एकदा म्हटलंही, "नानींच्या हाताला चव आहे हो." ते नुसते हसले.

डॉक्टर मात्र वैतागले होते. तूप बंद करा, बट्टी बंद करा, दर वेळी सांगायचे. पुढच्या शुक्रवारी नाना भरीत सांगायचे, आणि साय तेवढीच. शेवटी लिव्हरला सूज आली. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "आता खाणं नाही बदललं तर हा माणूस हातचा जाईल. घरात कोण स्वयंपाक करतं? नानींना घेऊन यायला सांग. त्यांनाच समजावतो."

मी निरोप दिला. नानांनी मान हलवली. पुढच्या शुक्रवारी एकटेच आले.

"नानी कुठंय?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

नाना बाकावर बसले. मग खाली बघत म्हणाले, "नानी कोठे शे, ताई? तिले जाईसन तीन वरीस व्हयनात."

"मग ती बट्टी? ते भरीत?"

"ती व्हती तवय करे. शुक्रवारनं सगळं जेवन तिन्हंच."

"आणि तुम्ही काय खाता?"

"स्टँडवर शेव. पाव. जिलबी गरम ऱ्हास. घरमा कोन इचारस, जेवनात का म्हनीसन? तुम्ही इचारतस. मंग तुमले जिलबी कशी सांगू?"

मला स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं मी एका गेलेल्या बाईचा स्वयंपाक लिहून ठेवत होते, आणि डॉक्टर त्या नसलेल्या तुपाला शिव्या घालत होते. मी तर तो प्रश्न फक्त रकाना भरायला विचारत होते.

"आज काय खाल्लं, नाना? खरं सांगा. डॉक्टरांना कळायला पाहिजे."

"नऊ वाजून दहा," नाना म्हणाले. "शेव. दोन पाव. जिलबी, पावभर."

मी भरताच्या, बट्टीच्या ओळींखाली पेन टेकवलं. नाना माझ्या हाताकडे बघत होते.

"ताई, हाई जरा बारीक अक्षरमा लिखा."

मी बारीक लिहिलं. अकरा वाजून दहापर्यंत ते तिथंच बसून होते. आत-बाहेर माणसं येत होती, डब्या सांडत होती. नानांनी कुणालाच हाक मारली नाही.